अंगणातील अरण्य : हेमलकशाच्या रानाकडून शिकावयाची परसबाग

वैद्याच्या दाराशी तुळस, अडुळसा, कोरफड आणि निर्गुंडी असावी, ही समाजाची जुनी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आज बहुतेकांच्या दाराशी वाहन उभे करण्याची जागा असते आणि औषधी बाजारातून येते. ती बाजारात कोठून येते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला आणि गंभारी या बृहत्पंचमुळातील पाचही वृक्षांचे शास्त्रोक्त उपयुक्तांग मूळ आहे. मूळ खणले की वृक्ष संपतो. सर्पगंधेची अवस्था अशी झाली की, तिचा समावेश वन्य प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. आपल्या काढ्याचे पातेले अरण्याच्या मुळावर उकळते आहे, हे वैद्यकीय व्यवसायाने मान्य केले पाहिजे.

यावर मोठ्या प्रमाणावरील औषधी लागवड हा एक उपाय आहेच. त्यासाठी केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना केली. परंतु प्रत्येक वैद्याला आपल्या अंगणात उद्याच आरंभ करता येईल असा दुसराही उपाय आहे. अंगणातच एक छोटे अरण्य उभे करावे, ज्यात भाजी, फळ आणि औषधी एकत्र नांदतील आणि ज्याची माती वर्षागणिक अधिक सकस होत जाईल. आधुनिक परिभाषेत याला पर्माकल्चर म्हणतात. या लेखात त्याचा आरंभ कसा करावा याचा विचार केला आहे आणि त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाचा परिसर आधारभूत धरला आहे.

हेमलकसाच का?

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यापूर्वी हा सर्व मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड समाजासाठी येथे रुग्णालय चालविले, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या कार्याचा एक पैलू तितकासा चर्चिला जात नाही. १९७६ मध्ये सुरू झालेली तेथील शाळा केवळ अक्षरांची शाळा राहिली नाही. भाजीपाला, फळे आणि ओलिताचे धान्य सेंद्रिय पद्धतीने पिकविणाऱ्या स्थिर शेतीच्या प्रसाराचेही ती केंद्र झाली. २००८ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या कार्याच्या परिचयात या गोष्टीची आवर्जून नोंद घेण्यात आली होती.

रुग्णालय चालविणाऱ्यांना भाजीच्या वाफ्याकडे का वळावे लागले, याचे उत्तर आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. पथ्याहारावाचून औषध पांगळे असते. कुपोषण, पांडू आणि वारंवार येणारा हिवताप यांनी क्षीण झालेल्या रुग्णास बरे करून पुन्हा त्याच रिकाम्या ताटाकडे पाठविणे ही चिकित्सा नव्हे. या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. त्यांना आवश्यक असणारे फोलेट हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. भाजी ही त्यांच्या नियमित औषधाची जागा घेऊ शकत नाही, पण त्याला बळ निश्चित देते.

दुसरे कारण या प्रदेशाच्या प्रकृतीत आहे. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग वनाच्छादित आहे. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम होतो. येथे ऐन, मोह, तेंदू, बेहडा, आवळा, चारोळी, बिबा आणि टेटू ही झाडे कोणी पाणी न घालता, खत न देता, फवारणी न करता शतकानुशतके उभी आहेत. त्याच झाडांखालची जमीन नांगरून दोन-तीन वर्षे पीक घेतले, की ती थकते. माडिया समाजात ‘पेंडा’ म्हणून ओळखली जाणारी फिरती शेती याच अनुभवातून आली होती. जमीन थकली की ती सोडून द्यावयाची आणि अरण्याला ती पुन्हा सुपीक करू द्यावयाची. लोकसंख्या वाढली, जंगल आखडले आणि तो विसावा देणे अशक्य झाले. म्हणून स्थिर शेती आली. आता प्रश्न असा आहे की, एकाच जागी राहूनही जमीन थकू नये यासाठी काय करावे? अरण्य जे करते तेच करावे, हे त्याचे उत्तर होय.

पर्माकल्चर म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून हा शब्द रूढ झाला. चिरस्थायी शेती आणि चिरस्थायी संस्कृती असे दोन्ही अर्थ त्यात अभिप्रेत आहेत. भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि अधिकाचे न्याय्य वाटप ही त्याची तीन नीतितत्त्वे. शब्द परका असला तरी विचार परका नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात भूमी, बीज, रोपण, पोषण आणि वृक्षांच्या व्याधी यांचे विवेचन आहे, कुणपजलासारख्या द्रवखताचे विधान आहे. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून अल्प जागेत सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांच्या काटेकोर उपयोगातून कुटुंबाचे भरणपोषण कसे साधता येईल, याचा मार्ग दाखविला.

वैद्यांना या पद्धतीचा क्रम परिचित वाटेल, कारण तो आपल्या चिकित्साक्रमासारखाच आहे. प्रथम परीक्षा, मग निदान, त्यानंतर योजना आणि सर्वांत शेवटी द्रव्य. रोपवाटिकेतून पंचवीस रोपे आणून आरंभ करणे म्हणजे नाडी न पाहता औषध लिहून देणे होय.

भूमिपरीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय अध्याय आहे. खड्डे, खडे, वारुळे, स्मशान इत्यादींनी दूषित नसलेली भूमी औषधीसाठी ग्राह्य मानली आहे. जांगल, आनूप आणि साधारण हा देशविचार तर आपल्याला पदोपदी लागतो. तोच आपल्या अंगणास लावावा. भामरागडसारख्या दाट वनाच्या, नद्यांच्या आणि भरपूर पावसाच्या प्रदेशातील योजना सोलापूरच्या जांगल प्रदेशात जशीच्या तशी चालणार नाही.

पहिले काही आठवडे केवळ निरीक्षण करावे. ऊन सकाळी, दुपारी आणि सायंकाळी कोठे पडते, पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे साचते, उष्ण वारा कोणत्या दिशेने येतो, आपोआप कोणते तण उगवते, हे एका कागदावर अंगणाचा नकाशा काढून नोंदवावे. मातीची परीक्षा घरीच करता येते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, जोराने हलवावे व बरणी स्थिर ठेवावी. वाळू थोड्याच वेळात तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. तीन थरांची जाडी पाहिली की मातीची घडण समजते. पुढे एक फूट खोल खड्डा करून पाण्याने दोनदा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाभरात जिरले तर निचरा उत्तम. दिवसभर राहिले तर वाफे जमिनीपेक्षा उंच करणे श्रेयस्कर.

यानंतर अंगणाचे विभाग पाडावेत. घर हे केंद्र. रोज हात लागणाऱ्या वनस्पती, म्हणजे कोथिंबीर, पालेभाज्या, तुळस, आले, गवती चहा, स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांच्या आत असाव्यात. आठवड्यातून एकदा लक्ष द्यावयाचे वेल आणि झुडुपे त्यापलीकडे, वर्षातून एक-दोनदा उतरावयाची फळे आणि औषधी वृक्ष कडेला असावेत. एक कोपरा मात्र पूर्णपणे निसर्गाच्या स्वाधीन ठेवावा. त्यात काय उगवते ते पाहणे हाच त्याचा उपयोग. हेमलकशात हा विभाग कुंपणाबाहेरच सुरू होतो. शहरवासीयांना तो हेतुपुरस्सर राखावा लागतो.

जल : धावणाऱ्यास चालविणे, चालणाऱ्यास थांबविणे

शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी मिळते. वर्षाचा पाऊस केवळ एक हजार मिलिमीटर धरला, तरी हे एक लाख लिटर होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला तरी ऐंशी हजार लिटर उरते. हे पाणी गटारात सोडून देणे आणि फेब्रुवारीत नळाकडे पाहत बसणे, हा आपला नेहमीचा व्यवहार आहे. पूर्व विदर्भातील शेतकरी पिढ्यानपिढ्या बोड्या बांधून पाणी अडवीत आला आहे. अंगणात बोडी शक्य नसली तरी उतारास आडवे, एकाच पातळीतील, वीतभर खोल चर खणता येतात. पातळी पाहण्यास पारदर्शक नळीत भरलेले पाणी पुरते. चराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालून त्यावर झाडे लावावीत.

न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी केळीच्या आळ्यात सोडावे. सुमारे दोन मीटर व्यासाचा, दोन-तीन फूट खोल खड्डा करून तो काटक्या, पाला आणि काडीकचऱ्याने कमानीसारखा वर येईपर्यंत भरावा. कडेने केळी, मधूनमधून पपई आणि अळू (ज्याला विदर्भात धोपा म्हणतात) लावावे. कठोर रसायनांचे साबण मात्र टाळावेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत होते. म्हणून परदेशी पुस्तकांतील शोभिवंत तळी येथे जशीच्या तशी उतरवू नयेत. चरात वा आळ्यात पाणी तीन दिवसांहून अधिक उघडे दिसता कामा नये. पाणी मातीत मुरविणे हे आपले ध्येय आहे. साठवावयाचेच असेल तर टाकी घट्ट झाकलेली असावी.

मृत्तिका : पाला जाळू नये

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असेल, तर ती ही : पाला जाळू नये. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची रीत वनप्रदेशात आहे. त्यातून वणवे लागतात. शहरात आपण रोज सकाळी अंगण झाडून तेच करतो. अरण्याची सर्व सुपीकता त्या पाल्यातून येते. त्याखाली बुरशी, वाळवी, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव पानाचे पुन्हा मातीत रूपांतर करतात. ही अरण्याची जाठराग्नीसारखी व्यवस्था आहे आणि पाला हा तिचा आहार. आहारच हिरावून घेतला तर अग्नी मंदावणारच.

नवा वाफा करताना जमीन खोल खणू नये. तण कापून तेथेच पसरावे, त्यावर जुनी वर्तमानपत्रे वा पुठ्ठा भिजवून अंथरावा, वर शेणखताचा दोन-तीन बोटे थर आणि त्यावर वीतभर सुका पाला घालावा. वाफ्याची रुंदी सव्वा मीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडविली जात नाही. सागाची पाने मोठी व चिवट असल्याने ती चुरून, हिरव्या पाल्यात मिसळून वापरावीत.

दाभोलकरांचा विचार पुढे नेताना मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात बजवाडा येथे दीपक सचदे यांनी ‘अमृतमाती’ची जी पद्धत प्रसृत केली, ती वैद्यांना विशेष रोचक वाटेल. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवून तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळीत ठेवतात. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी मिसळून अमृतजल सिद्ध होते. त्यात सुका पाला एक दिवस भिजवून मातीच्या पातळ थरांसह ढीग रचतात आणि दर आठवड्यास उलटतात. त्यानंतर त्या ढिगावर षड्रसांची बीजे पेरतात. मधुर रसासाठी मका वा ज्वारी, अम्लासाठी अंबाडी, लवणासाठी घोळ वा चाकवत, कटूसाठी मोहरी, तिक्तासाठी मेथी वा कारले आणि कषायासाठी मूग-तूर अशी योजना करता येईल. रोपांचा काही भाग २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी कापून त्याच मातीत मिसळला जातो. कोवळ्या, प्रौढ आणि पक्व अशा तिन्ही अवस्थांतील वनस्पती मातीस मिळाव्यात, हा त्यामागील हेतू. कृषिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी निरनिराळ्या कुळांतील वनस्पतींचे अवशेष एकत्र आल्याने मातीचे पोषण चौफेर होते. या सर्वास चार-पाच महिने लागतात, पण नंतर ती माती वर्षानुवर्षे साथ देते.

वनस्पतियोजना

अरण्यात एकाच जागी अनेक मजले असतात. अंगणातही तसेच करावे. वरच्या मजल्यावर आवळा, बेल, शिवण वा शेवगा असावा. जागा लहान असल्यास यांपैकी एक-दोनच लावावेत. त्याखाली कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, पपई. त्याखाली अडुळसा, निर्गुंडी. त्याखाली तुळस, कालमेघ, कोरफड. जमिनीलगत मंडूकपर्णी, पुनर्नवा, घोळ. जमिनीखाली हळद, आले, सुरण, रताळी. आणि या सर्वांना जोडणारे वेल, म्हणजे गुळवेल, शतावरी, वाल, दोडका, काटवल. काटवल म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील कर्टोली. तरोटा, म्हणजे टाकळा, तर न लावताच येतो. तो उपटून फेकण्यापूर्वी त्याची कोवळी पाने भाजीस घ्यावीत.

कोणती वनस्पती केव्हा, किती आणि कशी वापरावी, हे ज्ञान पुस्तकांइतकेच वनवासी स्त्रियांपाशी आहे. गडचिरोलीतील आदिवासी स्त्रिया आणि झाडे यांच्या जिव्हाळ्याची नोंद डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात केली आहे. त्यांच्याकडून बी आणि माहिती घेताना आपण शिष्य आहोत, याचे भान ठेवावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा.

गुळवेलीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे प्राप्त आहे. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने स्पष्टीकरण दिले की, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुडूची असून तिच्याशी टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या प्रजातीची गल्लत होऊ शकते. पहिलीचे खोड हिरवट असून त्यावर गाठी नसतात. दुसरीचे करडे असून त्यावर गाठी असतात. खात्रीच्या वेलीचे बोटाएवढे जाड कांड पावसाळ्याच्या आरंभी कडुनिंबाच्या बुंध्याशी लावले, की ओळखीचा प्रश्न कायमचा सुटतो. स्वतः लावलेल्या औषधीचे हेच मोठे मोल आहे.

अपथ्य

आच्छादन भिंतीस व उंबरठ्यास लागून ठेवू नये. वनप्रदेशात सर्पदंश ही नित्याची गोष्ट आहे. पाल्याचा ढीग साप-विंचवांना आसरा देतो. घराभोवती चार-पाच फूट जमीन मोकळी ठेवावी आणि पाल्यात उघडा हात घालू नये. बुंध्याभोवतीही वीतभर जागा सोडावी, अन्यथा साल कुजते. लहान मुले वावरतात तेथे धोतरा, गुंज व कण्हेर नसावी. आणि पहिल्याच वर्षी संपूर्ण अंगण हाती घेऊ नये. दोन वाफे आणि एक केळीचे आळे एवढाच आरंभ पुरेसा आहे.

ऋतुक्रम

वसंतात निरीक्षण आणि पाला साठविणे. ग्रीष्मात चर, आळी व वाफे सिद्ध करणे. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर वृक्ष, वेल व कंद लावणे. वर्षा ऋतूत वाल, काटवल, भेंडी, अंबाडी. शरदाच्या अखेरीस मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. हेमंत-शिशिरात हळद काढणे व बी राखणे. पहिल्या उन्हाळ्यात लहान रोपांवर बांबू व पळसाच्या फांद्यांची सावली करावी. पहिले वर्ष श्रमाचे, दुसरे धीराचे. तिसऱ्यापासून झाडांची सावली आणि त्यांचाच पाला बरेचसे काम आपल्या हातून काढून घेतात.

अंगण नसलेल्यांनीही निराश होऊ नये. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून तेथीलच ओल्या कचऱ्यातून माती तयार करून भाज्या आणि फळझाडे वाढविली. गच्चीवर जे शक्य झाले ते चिकित्सालयाच्या मागील दोन खणांच्या जागेत का होऊ नये? अर्थात, गच्चीच्या भारक्षमतेची खात्री आधी करून घ्यावी.

रुग्णाच्या हाती रोप

एका वैद्याच्या अंगणातील शिवणीने बाजाराची मागणी भागणार नाही, हे उघड आहे. परंतु खोकल्याच्या रुग्णास चिठ्ठीबरोबर अडुळशाची एक फांदी, पांडुग्रस्त गर्भिणीस शेवग्याचे कलम, मधुमेह्यास कारल्याची चार बीजे देता येतात. पर्माकल्चरचे तिसरे नीतितत्त्व, अधिकाचे वाटप, ते हेच. दहा वर्षांत अशा किती अंगणांत वनस्पती पोहोचतील, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या बाह्यरुग्णांच्या नोंदवहीवरून करून पाहावा.

वनातील वृक्षाचे मूळ वनातच राहावे आणि रुग्णाचे पथ्य त्याच्याच दारात उगवावे, यासाठी वैद्यबंधू-भगिनींनी येत्या मृगापूर्वी किमान एक वाफा सिद्ध करावा. त्याची पहिली पायरी म्हणून उद्या सकाळी अंगणातील पाल्याचा ढीग पेटवू नये. तो त्या वाफ्यासाठी बाजूला रचून ठेवावा.